लोकप्रतिनिधींची सचोटी : नियम, नोंदवही आणि आपण

(संविधान दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संविधान दिनाला आपण सहसा मूलभूत हक्कांवर, प्रतिनिधित्वावर किंवा २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्या थोर भाषणावर बोलतो. आज मी काहीसा रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. कायदे करणाऱ्यांवर कायदा कोणाचा? खासदाराचे उत्पन्न, त्याला मिळणाऱ्या भेटी, त्याचे प्रवास, त्याचे आदरातिथ्य हे लोकांना कळावे की नाही? कळले तर त्याचे लोकांनी काय करावे? आणि नियम मोडला तर निवाडा कोणी करावा? मी वैद्यकाचा माणूस आहे, कायद्याचा नव्हे. तरीही हा विषय मला आपला वाटतो, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की या प्रश्नाला बाबासाहेबांनी संविधान सभेत सविस्तर उत्तर दिले आहे, आणि आपल्या सभांतून ते क्वचितच ऐकू येते. दुसरे कारण आपल्या स्वतःच्या संस्थांशी निगडित आहे. ते मी शेवटी सांगेन. काहींना ते रुचणार नाही.

१९४८ च्या डिसेंबरअखेरीस संविधान सभेत मंत्र्यांविषयीच्या कलमावर चर्चा चालू होती. प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती मांडली की मंत्र्याने पदभार घेताना आपली मालमत्ता आणि हितसंबंध जाहीर करावेत. ह. वि. कामत यांचाही तसाच आग्रह होता. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. एवढेच सांगून थांबलो तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल, म्हणून त्यांचा युक्तिवाद पूर्ण पाहिला पाहिजे. कारभार केवळ कार्यक्षम नव्हे तर शुद्धही असावा, याबद्दल सभागृहात दुमत नाही, असे त्यांनी आधीच मान्य केले. प्रश्न होता तो ही शुद्धता कोणत्या धाकाने टिकवायची याचा. कायद्याच्या धाकाने टिकवायची, तर त्यांच्या मते तीन तरतुदी एकत्र हव्यात. पद घेताना मालमत्ता जाहीर करणे ही पहिली. पद सोडताना ती पुन्हा जाहीर करणे ही दुसरी. आणि मधल्या काळात मालमत्तेत अस्वाभाविक वाढ झाली असेल तर तिचा खुलासा मागून, तो न मिळाल्यास शिक्षा करणे ही तिसरी. पुढे आलेल्या दुरुस्त्यांत पहिलीच तेवढी होती. शिवाय मालमत्ता कोणाला पत्ता लागणार नाही अशा रीतीने फिरवता येते, हेही त्यांनी बजावले. म्हणून अधिक चांगला धाक त्यांनी लोकमताचा मानला. मात्र विखुरलेल्या लोकमताचा नव्हे, तर विधिमंडळात एकवटलेल्या लोकमताचा.

आम्हा डॉक्टरांना यात नवे काहीच वाटू नये. रुग्ण दाखल झाला तेव्हाचे वजन लिहून ठेवले आणि घरी जातानाचे लिहिलेच नाही, तर पहिल्या आकड्याचा उपयोग काय? दोन्ही वजने लिहिली, पण दहा किलोंचा फरक का पडला हे कोणी विचारलेच नाही, तरी ती नोंद कागद भरण्यापुरतीच राहते.

माझे नम्र मत असे की बाबासाहेबांनी ज्यांना दोन धाक म्हटले, ते पुढच्या पाऊणशे वर्षांच्या अनुभवात एकमेकांचे पर्याय ठरले नाहीत. लोकमताला वाचायला कागद लागतो आणि कागदाला वाचणारे लोकमत लागते. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते आपण जिथे राहतो त्या ब्रिटनमध्ये, म्हणून आधी इथली हकिकत सांगतो.

वेस्टमिन्स्टरमध्ये खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा ठराव १९७४ मध्ये झाला. त्यामागे पोलसन या वास्तुविशारदाचे लाचलुचपत प्रकरण होते. त्याच प्रकरणाच्या छायेत गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना १९७२ मध्ये पद सोडावे लागले होते. नोंदवही आली, पण ती सक्तीची केवळ नावापुरती होती. इनॉक पॉवेल यांनी तिच्यात नोंद करण्यास साफ नकार दिला. कायदा न करता, केवळ सभागृहाच्या ठरावाने खासदारावर असे बंधन घालता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. वुल्व्हरहॅम्प्टन आणि बर्मिंगहॅमच्या आपल्या ज्येष्ठांना पॉवेल यांचे नाव वेगळ्या आणि कटू कारणाने स्मरणात आहे. या बाबतीत लक्षात घेण्याजोगे एवढेच की त्यांच्यावर कोणतीही कारवाई झाली नाही. ज्या नियमाचा भंग झाल्यावर काहीच घडत नाही, त्याला नियम म्हणणे ही सौजन्याची परिसीमा होय.

याची फळे १९९४ मध्ये दिसली. सभागृहात प्रश्न विचारण्यासाठी खासदार पैसे घेतात, हे प्रथम ‘संडे टाइम्स’ने आणि नंतर ‘गार्डियन’ने उजेडात आणले. पंतप्रधान जॉन मेजर यांनी लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९५ च्या मे महिन्यातील तिच्या पहिल्या अहवालात सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे सांगितली आहेत : निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. ही तत्त्वे खासदारांपुरती नाहीत, एन.एच.एस. ट्रस्टच्या संचालक मंडळांनाही ती लागू आहेत. सात सद्गुणांची यादी करणे सोपे असते. माझ्या मते त्या अहवालाचे खरे काम दुसरे होते. त्यातून खासदारांच्या वर्तनाची चौकशी करणारा, स्वतः खासदार नसलेला, स्वतंत्र आयुक्त आला आणि पैसे घेऊन सभागृहात कोणाची वकिली करण्यावर बंदी आली. सर गॉर्डन डाउनी हे पहिले आयुक्त. ज्यांच्यावर मुख्य आरोप होता ते नील हॅमिल्टन १९९७ च्या निवडणुकीत टॅटनमधून पडले, आणि पडले ते मार्टिन बेल या अपक्ष पत्रकाराकडून.

म्हणजे सारे सुरळीत झाले काय? नाही. २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने खासदारांच्या भत्त्यांची बिले छापली. कोणी गढीभोवतीचा खंदक साफ करवून घेतला होता, तर कोणी तळ्यातल्या बदकांच्या घराचे बिल लावले होते. हसू येते, पण त्या बिलांमागचा झगडा हसण्यासारखा नव्हता. हीदर ब्रुक या पत्रकार माहितीच्या अधिकाराखाली त्यांची मागणी अनेक वर्षे करत होत्या, सभागृह ती अडवत होते, आणि २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला होता. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले. सभापतीवर अशी पाळी १६९५ नंतर प्रथमच आली. भत्ते ठरवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार खासदारांच्या हातून काढून स्वतंत्र प्राधिकरणाकडे देण्यात आला. काही खासदारांनी आम्हाला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण आहे असा दावा केला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खोटे बिल लावणे हे संसदीय कार्य नव्हे, एवढे साधे ते उत्तर होते. त्यानंतर काहींना तुरुंगवास घडला.

तरीही मला सर्वांत बोधप्रद वाटते ते २०२१ चे प्रकरण. ओवेन पॅटरसन या ज्येष्ठ खासदारांना दोन कंपन्यांकडून मानधन मिळत होते. ते त्यांनी नोंदवहीत लिहिलेही होते. लपवाछपवी नव्हती! पण त्याच कंपन्यांसाठी त्यांनी मंत्र्यांकडे आणि सरकारी संस्थांकडे शब्द टाकला, असा निष्कर्ष आयुक्त कॅथरीन स्टोन यांनी काढला, आणि मानक समितीने तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने आपल्या सदस्यांना पक्षादेश काढून ही शिक्षा रोखली आणि चौकशीची पद्धतच बदलण्याचा प्रस्ताव २५० विरुद्ध २३२ मतांनी मंजूर करवून घेतला. दुसऱ्याच दिवशी लोकक्षोभापुढे सरकारला माघार घ्यावी लागली. पॅटरसन यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये नॉर्थ श्रॉपशायरची पोटनिवडणूक झाली आणि सुमारे तेवीस हजारांच्या मताधिक्याची जागा सत्ताधारी पक्षाने गमावली. सभागृहाने बहुमताने स्वतःच्या सदस्याला पाठीशी घातले आणि लोकांनी ते एका दिवसात उलटवले. बाबासाहेब ज्या लोकमताच्या धाकाविषयी बोलत होते तो हाच. पण ध्यानात घ्या, त्या लोकमताच्या हाती आधी आयुक्तांचा अहवाल होता आणि अहवालाच्या आधी नोंदवही होती. आज त्या मानक समितीत सात खासदार आणि सात बाहेरचे नागरिक बसतात. २०१५ च्या कायद्याने, ठरावीक मुदतीहून अधिक निलंबन झालेल्या खासदाराला परत बोलावण्याची याचिका निघते आणि मतदारसंघातील दहा टक्के मतदारांनी सही केल्यास जागा रिकामी होते. परिपूर्ण व्यवस्था नव्हे, परंतु तिच्यात बाहेरच्या माणसाला जागा आहे.

आता मायदेशाकडे वळतो. भारतात हा प्रश्न ब्रिटनच्या आधी चव्हाट्यावर आला होता, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य ह. ग. मुद्गल यांच्यावर आरोप आला की मुंबईच्या बुलियन असोसिएशनसाठी संसदेत प्रश्न विचारण्याच्या मोबदल्यात त्यांनी पैसे घेतले. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. टी. टी. कृष्णम्माचारी अध्यक्ष झाले आणि सदस्यांत प्रा. के. टी. शहा होते, तेच, ज्यांची दुरुस्ती १९४८ मध्ये नामंजूर झाली होती. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. समितीने दोष सिद्ध मानला. हकालपट्टी होण्यापूर्वीच मुद्गल यांनी राजीनामा दिला. प्रजासत्ताक जेमतेम दीड वर्षाचे होते, पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती, आणि संसदेने स्वतःच्या सदस्याला, तोही सत्ताधारी पक्षाच्या, सोडले नाही.

पुढे मात्र दीर्घ काळ शांतता होती. राज्यसभेत एथिक्स कमिटी, म्हणजे आचार समिती, आली ती १९९७ मध्ये. आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण तिचे पहिले अध्यक्ष. लोकसभेला ती २००० साली लाभली. २००५ च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर पुन्हा तेच दृश्य दिसले : पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले खासदार. बारा तारखेला चित्रफीत दाखवली गेली आणि तेवीस तारखेला अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. लोकसभेचे दहा, राज्यसभेचा एक. त्यांत जळगाव आणि एरंडोल या मतदारसंघांचे प्रतिनिधी होते. तिघे बहुजन समाज पक्षाचे होते. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या माणसावर आरोप आला की त्यामागे जातीय आकस आहे, असे आपण चटकन म्हणतो. पुष्कळदा तो असतोही. म्हणूनच आपल्याला इतरांपेक्षा अधिक गरज आहे ती लिखित नियमांची आणि निःपक्ष चौकशीची. जिथे नियम लिहिलेला नसतो तिथे निवाडा मर्जीने होतो, आणि मर्जी आपल्या वाट्याला किती आली हे सांगायला नको.

चौकशीची पद्धत न्याय्य असावी, हा मुद्दा पुन्हा २०२३ मध्ये पुढे आला. महुआ मोईत्रा यांना आचार समितीच्या अहवालावरून ८ डिसेंबर रोजी लोकसभेतून काढण्यात आले, आणि अहवाल वाचायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही अशी विरोधी सदस्यांची तक्रार होती. आरोप खरा की खोटा यात मी शिरत नाही. पण आरोप ठेवणारे, तपासणारे आणि शिक्षा देणारे हे सारेच त्या बहुमताचे असले, तर खऱ्या दोषीलाही हुतात्मा होता येते. सहा महिन्यांनी त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले.

नियमांच्या बाबतीत न्यायालयांनी संसदेपेक्षा अधिक काम केले, असे म्हणावे लागते. २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात आपली मालमत्ता, देणी, शिक्षण आणि फौजदारी खटले लिहावे लागतात, आणि ते शपथपत्र कोणीही वाचू शकतो. दुसरी वेळ येते ती पुढच्या निवडणुकीला. म्हणजे बाबासाहेबांच्या तीन तरतुदींपैकी पहिली आली, दुसरी अर्धवट आली, कारण जो पुन्हा उभाच राहत नाही त्याचे अखेरचे वजन लोकांना दिसत नाही. तिसरीची, वाढीचा खुलासा मागण्याची, स्वतंत्र यंत्रणा अद्याप नाही. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला विशेषाधिकाराचे कवच देणारा १९९८ चा निकाल मात्र ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने रद्द केला, ही समाधानाची गोष्ट.

आता दुसऱ्या कारणाकडे येतो. आपण इथे केवळ प्रेक्षक नाही. भारतीय पासपोर्ट असलेला आणि इथे कायदेशीर वास्तव्य करणारा माणूसही राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून इथल्या संसदेसाठी मत देऊ शकतो. तेव्हा ती नोंदवही आपल्यासाठीही लिहिलेली आहे. कोणत्याही ग्रंथालयातील संगणकावर ती विनामूल्य वाचता येते. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे पान किती जणांनी उघडले आहे? उत्तर देऊ नका, फक्त घरी गेल्यावर उघडा.

याहून नाजूक बाब आदरातिथ्याची. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या संस्था भारतातून आमदार, खासदार किंवा पक्षाचे नेते बोलावतात. तिकीट आपण काढतो, राहण्याची सोय करतो, लंडन दाखवतो, निरोप देताना हाती भेट ठेवतो. यात प्रेम असते, वाईट हेतू नसतो. परंतु भारताच्या २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यानुसार विधिमंडळाच्या सदस्याला किंवा राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याला परदेशी संस्थेचे असे आदरातिथ्य घेण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागते. इथे नोंदलेली आपली संस्था त्या कायद्याच्या दृष्टीने परदेशी आहे, मग तिच्या भिंतीवर कोणाचेही चित्र असो. त्या कायद्यात एक अपवाद आहे, तो माझ्या व्यवसायाला साजेसा आहे : पाहुणा इथे अचानक आजारी पडला तर तातडीचे उपचार आधी घेता येतात, मात्र महिन्याच्या आत सरकारला कळवावे लागते. तेव्हा औषध मी देईन, तिकिटाची परवानगी त्यांनी आणावी.

पैशाबाबत तर कायदा अधिकच स्पष्ट आहे. उमेदवाराने, आमदार-खासदाराने किंवा राजकीय पक्षाने विदेशी अंशदान घ्यायचेच नाही. ज्याने भारतीय नागरिकत्व राखले आहे त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम वेगळी. पण ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, त्यांची देणगी विदेशीच ठरते, ओ.सी.आय. कार्ड असले तरी. इथल्या खासदारांसही हेच पथ्य आहे : तीनशे पौंडांहून अधिक किमतीची भेट, आदरातिथ्य किंवा परदेश प्रवास अठ्ठावीस दिवसांत नोंदवावा लागतो. आणि आपली संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल तर तिने कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला निधी द्यायचाच नसतो.

कोणी म्हणेल, एका तिकिटाने किंवा एका शालीने कोण विकला जातो? माझ्या व्यवसायात हा प्रश्न पुष्कळ तपासला गेला आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी दुपारच्या बैठकीला सँडविच घेऊन येतो. साध्या जेवणानंतरही त्या कंपनीचे औषध अधिक लिहिले जाते, असा संबंध संशोधनात आढळला आहे. गंमत अशी की कोणत्याही डॉक्टरला विचारा, तो म्हणतो, परिणाम होत असेल तर इतरांवर, माझ्यावर नाही. इथल्या औषध कंपन्या २०१६ पासून डॉक्टरांना दिलेल्या रकमा प्रसिद्ध करतात, पण डॉक्टरने संमती दिली तरच नाव छापले जात असे. स्वेच्छेच्या पारदर्शकतेत नेमका कोण गाळला जातो, हे निराळे सांगायला नको.

म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी एक प्रस्ताव लेखी स्वरूपात सचिवांकडे दिला आहे. भारतातून लोकप्रतिनिधीला बोलावताना निमंत्रणपत्रातच परवानगीची अट लिहावी, आणि परवानगीची प्रत मिळाल्याशिवाय तिकीट काढू नये. इथल्या नगरसेवकावर किंवा खासदारावर केलेला खर्च, मग तो हार-तुऱ्यांचा का असेना, हिशोबात वेगळ्या ओळीवर दाखवावा. आणि या स्मरणिकेत जाहिरातींच्या आधी एक पान राखून त्यावर वर्षभरातील पाहुण्यांची नावे, त्यांचा प्रवासखर्च आणि तो कोणी केला हे छापावे. कार्यकारिणीच्या सदस्यांचे भारतातील राजकीय पक्षांत पद असेल तर तेही त्याच पानावर यावे. एका सन्माननीय सदस्यांनी मला विचारले की यामुळे पाहुणे येईनासे झाले तर? तर त्या वर्षी आपल्यातलाच कोणी बोलेल. सभा चहापानानंतर आहे. प्रस्तावाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत.